‘निळ्या डॅन्यूब’वरची वेलबुट्टी : शुल्त्स-एव्हलरची रचना वाजवायला घेण्याआधी

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणाऱ्या विद्यार्थ्याने पियानोच्या परीक्षांमधली आठवी श्रेणी पूर्ण केली आहे. योहान श्ट्राउस (धाकटा) याच्या ‘ब्लू डॅन्यूब’ या वॉल्ट्झवर, म्हणजे तीन मात्रांच्या नाचाच्या रचनेवर, आडोल्फ शुल्त्स-एव्हलर याने पियानोसाठी रचलेल्या ‘अराबेस्क’ त्याने ऐकल्या आणि त्या वाजवण्याचे त्याच्या मनाने घेतले. त्याच्या शिक्षकांचे मत मात्र असे की ही निव्वळ बोटांची कसरत आहे, यात संगीत थोडे आणि सर्कस जास्त. हे खरे आहे का, आणि वाजवायचीच झाली तर सुरुवात कुठून करावी, हे त्याला जाणून घ्यायचे आहे.

आपले शिक्षक बहुतेक वादकांबद्दल बरोबर बोलत आहेत आणि रचनेबद्दल चूक बोलत आहेत, असे माझे उत्तर आहे. मी गेली पंचवीसहून अधिक वर्षे मुंबईत पियानो शिकवतो आणि ही रचना मी स्वतः दोनदा, दोन वेगळ्या वयांत, पहिल्या पानापासून बसवली आहे. पहिल्यांदा मी ती सर्कस म्हणूनच बसवली होती. ती तशी का वाजते आणि तशी का वाजू नये, हे समजण्यासाठी आधी मूळ वॉल्ट्झकडे जावे लागेल, कारण या रचनेतली सगळी गुंतागुंत मूळ चालीच्या एका साध्या वैशिष्ट्यातून जन्मते.

‘ब्लू डॅन्यूब’, म्हणजे श्ट्राउसची 314 क्रमांकाची रचना, 15 फेब्रुवारी 1867 रोजी व्हिएन्नातल्या डायानाबाड सभागृहात पहिल्यांदा सादर झाली, आणि तीही गायली गेली. व्हिएन्नाच्या पुरुष गायकवृंदासाठी ती लिहिलेली होती. आदल्या वर्षी, 1866 मध्ये, ऑस्ट्रियाने प्रशियाकडून सपाटून मार खाल्लेला होता, शहराचा मूड उतरलेला होता आणि योझेफ वाइलने त्या सुरांवर बसवलेले शब्द विनोदी अंगाचे होते. त्या रात्री वॉल्ट्झ पडली नाही, पण गाजलीही नाही. ती जगभर पसरली ती त्याच वर्षी पॅरिसच्या आंतरराष्ट्रीय प्रदर्शनात, शब्दांशिवाय, वाद्यवृंदाच्या रूपात. त्यानंतर घराघरांतल्या पियानोंवर ती पोहोचली आणि आजतागायत तिथून हललेली नाही. आपल्याकडच्या पियानो शिकणाऱ्या मुलांच्या सोप्या पुस्तकांतही तिचे चार ओळींचे रूप सापडतेच.

ती पहिली चाल आपण सरगमात म्हणून पाहू. मूळ स्वर डी मेजरचे आहेत, तेव्हा डी हा षड्ज धरावा. ‘सा, सा ग प, प—’ एवढे म्हणून चाल थांबते, आणि वरच्या सप्तकातून उत्तर येते, ‘प प’, थोडा श्वास, ‘ग ग’. पुन्हा ‘सा, सा ग प, प—’, आणि या वेळी उत्तरात ‘प प, म म’. मग चाल मंद्र निषादावरून उचलली जाते : ‘नि, नि रे ध, ध—’, उत्तर ‘ध ध, म म’. चौथ्या वेळी तेच बोल, पण उत्तराचा शेवट पुन्हा गंधारावर. आता मात्रा मोजू. उचलीच्या पहिल्या स्वरापासून मोजले तर एका बोलाच्या बारा मात्रा होतात. त्यांपैकी पहिल्या सहा चालीच्या आहेत, आणि त्यांतल्याही शेवटच्या दोन केवळ लांबवलेल्या पंचमाच्या. उरलेल्या सहांपैकी चार मात्रांवर उत्तराचे स्वर टिचकीसारखे येतात आणि दोन मात्रा रिकाम्या जातात. म्हणजे जगातली बहुधा सर्वांत ओळखीची ही वॉल्ट्झ अर्धा वेळ गातच नाही. ती थांबते, ऐकते, वरून कोणीतरी ‘हो, हो’ म्हणते आणि मग ती पुढे जाते.

वाद्यवृंदात ही थांबण्याची जागा मोकळी वाटत नाही. चेलो आणि हॉर्न लांब स्वर धरून ठेवतात, खाली तीन मात्रांचा ठेका चालू असतो, आणि उत्तराचे स्वर वेगळ्या वाद्यांच्या वेगळ्या रंगात येतात. पियानोवर यांपैकी काहीच घडत नाही. पियानोचा स्वर हातोडी तारेवर आपटली त्या क्षणी सर्वांत मोठा असतो आणि तिथून तो फक्त विरत जातो. व्हायोलिनवादक गजाने स्वर फुलवू शकतो, गायक श्वासाने तो वाढवू शकतो. पियानोवादकाने पट्टी एकदा दाबली की पुढचे सगळे तारेच्या हातात. म्हणून घरगुती आवृत्तीतले ‘ब्लू डॅन्यूब’ बहुधा कोरडे वाजते : चाल, ठक ठक, ठक ठक, चाल, ठक ठक, ठक ठक.

शुल्त्स-एव्हलरची नक्षी मुख्यतः या रिकाम्या आणि विरणाऱ्या जागांमध्ये उगवलेली आहे. लांबवलेल्या स्वराच्या वर जी बारीक स्वरांची धार वाहते, ती त्या स्वराला जिवंत ठेवण्याचे काम करते. तो विरत असताना कानाला दुसरीकडे गुंतवून, तो अजून वाजतोच आहे असा भास ती निर्माण करते. मूळ प्रस्तावनेत व्हायोलिनांचा हलका थरथराट चालू असतो आणि त्याखालून हॉर्न पुढे येणाऱ्या चालीचे तेच तीन चढते स्वर हळूच सुचवतो. पियानोवर हा थरथराट जसाच्या तसा आणला तर तो खडखडाट होतो. म्हणून इथे त्याच्या जागी वरच्या सप्तकांतली पाण्यासारखी झुळझुळ आहे आणि चालीचे तुकडे तिच्यातून डोके वर काढतात. ‘अराबेस्क’ म्हणजे मूळ अर्थाने भिंतीवरची वा कापडावरची वेलबुट्टी. वेलबुट्टीला आधाराची कड लागते. कड नसेल तर ती नुसती रेघोट्या होते. आपल्या शिक्षकांनी ज्या मैफली ऐकल्या असतील त्यांत बहुधा रेघोट्याच ऐकू आल्या असाव्यात.

मराठी श्रोत्याला हे पटकन समजते, कारण बंदिशीत मुखड्याची जागा कुठे आहे हे न विसरता तान घेणे म्हणजे काय, हे त्याच्या कानाला ठाऊक असते. समेची जाण सुटलेली तान कितीही वेगाची असो, जाणकार मान हलवत नाही. मात्र हे साम्य इथेच सोडावे. तान त्या क्षणी सुचते आणि इथे एकूण एक स्वर कागदावर लिहिलेला आहे. त्यामुळे वादकापुढचे काम उलटे आहे : जे पूर्ण ठरलेले आहे ते आत्ताच सुचले असे वाटले पाहिजे. माझ्या अनुभवात वेगापेक्षा हे अधिक अवघड आहे.

आता रचनाकाराबद्दल, कारण त्याचे नाव या एका रचनेपलीकडे आज कोणी घेत नाही. शुल्त्स-एव्हलरचा जन्म 1852 मध्ये पोलंडमधल्या रादोम गावचा. वॉर्सात तो पोलिश संगीतकार मोनिउश्कोकडे शिकला, मग बर्लिनला कार्ल टाउसिगकडे गेला, पुढे सुमारे वीस वर्षे खारकीवमध्ये, म्हणजे तेव्हाच्या रशियन साम्राज्यातल्या खारकोव्हमध्ये, त्याने पियानो शिकवला, आणि 1905 मध्ये वॉर्सात तो वारला. यात महत्त्वाचे नाव टाउसिगचे आहे. टाउसिग हा विख्यात पियानोवादक आणि रचनाकार फ्रान्झ लिस्टचा शिष्य, त्याच्या पिढीतला सर्वांत निर्दोष हातांचा वादक मानला जाणारा, आणि 1871 मध्ये एकोणतिसाव्या वर्षी विषमज्वराने गेलेला. तो गेला तेव्हा शुल्त्स-एव्हलर अवघा अठरा वर्षांचा होता. श्ट्राउसच्या वॉल्ट्झ पियानोच्या मैफलीत आणण्याचा पायंडा टाउसिगने पाडला : ‘नाख्टफाल्टर’, ‘मान लेब्ट नुर आइनमाल’ आणि ‘वालश्टिमेन’ या तीन वॉल्ट्झवर त्याने मैफलीच्या रचना केल्या आणि त्यांना ‘व्हिएन्नाच्या नव्या संध्याकाळी’ अशा अर्थाचे नाव दिले. ‘नव्या’ अशासाठी की ‘व्हिएन्नाच्या संध्याकाळी’ त्याच्या गुरूने आधीच लिहून ठेवल्या होत्या. शूबर्टने नाचासाठी लिहिलेल्या लहान लहान वॉल्ट्झ निवडून लिस्टने नऊ रचनांची एक माळ ओवली, ती 1852 च्या सुमारास बाहेर आली, आणि तिच्यातली सहावी आजही मैफलीत वाजते.

म्हणजे परंपरा सरळ आहे. शूबर्टची वॉल्ट्झ लिस्टने घेतली, ते पाहून टाउसिगने श्ट्राउसची घेतली, आणि टाउसिगच्या शिष्याने त्याच श्ट्राउसची सर्वांत प्रसिद्ध वॉल्ट्झ घेतली. यात कोणी कोणाची चोरी केली नाही, आणि मूळ रचनाकारांना कोणी कमीही लेखले नाही. एखादी चाल आपल्या वाद्यावर सुखाने नांदावी म्हणून तिच्यासाठी नवे घर बांधणे, असा हा प्रकार आहे. ही चाल हलकीफुलकी होती म्हणून ती गंभीर संगीतकारांना वर्ज्य होती असेही कोणी समजू नये. योहानेस ब्राम्ससारख्या कठोर माणसाने श्ट्राउस कुटुंबातल्या एका हातपंख्यावर सही करताना याच वॉल्ट्झचे सुरुवातीचे स्वर लिहिले आणि खाली ‘दुर्दैवाने ही योहानेस ब्राम्सची नाही’ अशा अर्थाची ओळ टाकली, हा किस्सा प्रसिद्धच आहे.

याच मालिकेत पुढे पियानोवादक-रचनाकार लेओपोल्ड गोडोव्हस्की येतो, आणि त्याची तुलना इथे उपयोगी पडते. गोडोव्हस्कीने श्ट्राउसच्या ‘क्युन्स्टलरलेबेन’ आणि ‘वाइन, वाइब उंट गेझांग’ या वॉल्ट्झ आणि त्याच्याच ‘फ्लेडरमाउस’ या ऑपरेटातल्या, म्हणजे हलक्याफुलक्या संगीतनाटकातल्या, वॉल्ट्झ घेऊन ज्या प्रचंड रचना केल्या, त्यांत नक्षीऐवजी विणकाम आहे. तो एका चालीवर दुसरी चाल चढवतो, तिसरी आतल्या आवाजात लपवतो, आणि सुसंवादाचे रंग इतके बदलतो की मूळ वॉल्ट्झ एखाद्या जुन्या ओळखीच्या माणसासारखी गर्दीत अधूनमधून दिसते. (‘क्युन्स्टलरलेबेन’ ही ‘ब्लू डॅन्यूब’नंतर अवघ्या तीन दिवसांनी पहिल्यांदा वाजली होती. श्ट्राउसच्या कामाचा वेग असा होता.) गोडोव्हस्की वाजवताना डोके थकते, शुल्त्स-एव्हलर वाजवताना हात. रचनाकार म्हणून गोडोव्हस्की निःसंशय मोठा. पण मूळ चालीचे निरागसपण टिकवण्यात शुल्त्स-एव्हलर त्याच्या पुढे आहे, असे माझे मत आहे आणि ते मी विद्यार्थ्यांपासून लपवत नाही. तो चालीला तत्त्वज्ञान शिकवायला जात नाही. तिला दागिने घालतो आणि नाचू देतो.

दागिने कसे घालावेत हे ऐकायचे असेल तर योझेफ ल्हेव्हिन याचे 1928 मधले ध्वनिमुद्रण ऐकावे. ते व्हिक्टर कंपनीच्या, मिनिटाला 78 फेरे घेणाऱ्या तबकडीवर, दोन बाजूंवर, निघाले होते. ल्हेव्हिन हा मॉस्कोच्या परंपरेतला, नंतर न्यू यॉर्कच्या जुलियार्ड या संगीत विद्यालयात शिकवणारा वादक. त्याच्या या मुद्रणात वेग आहे, पण घाई कुठेही नाही. बारीक स्वरांची रांग समान मण्यांसारखी सरकते आणि तिच्याखाली चाल स्वतंत्र माणसाने वाजवावी तशी चालू राहते. आपण ते तीनदा ऐकावे. पहिल्यांदा सगळे ऐकावे, दुसऱ्यांदा फक्त डावा हात, आणि तिसऱ्यांदा फक्त ती ‘प प, ग ग’ उत्तरे. तिसऱ्या वेळी एक गोष्ट ध्यानात येईल : भोवती कितीही स्वर सांडत असले तरी ती उत्तरे प्रत्येक वेळी ऐकू येतात आणि बहुतेक वेळा हसतात. त्यानंतर पियानोवादक होर्हे बोलेत याच्या 1974 मधल्या कार्नेगी हॉलच्या मैफलीचे मुद्रण ऐकावे. त्यात टाउसिगच्या दोन वॉल्ट्झना जोडून ही रचना येते, त्यामुळे गुरू आणि शिष्य शेजारी शेजारी ऐकायला मिळतात. बोलेतचा स्वर जड, सोनेरी आणि आरामशीर आहे. ल्हेव्हिनकडे जे चांदीचे आहे ते याच्याकडे सोन्याचे होते. दोन्ही बरोबर आहेत, पण दोघांची नक्कल एकाच वेळी करू नये.

आता ठेक्याविषयी, कारण खरी परीक्षा तिथे आहे. व्हिएन्नाच्या वॉल्ट्झमधल्या तीन मात्रा घड्याळाच्या तीन टिक्‌टिकांसारख्या समान नसतात. दुसरी मात्रा किंचित लवकर येते आणि तिसरी आपल्या जागी थांबून राहते, त्यामुळे दुसरी आणि तिसरी यांच्यामध्ये एक लहानसा झोका तयार होतो. हा झोका कागदावर लिहिता येत नाही. दर एक जानेवारीला व्हिएन्ना फिल्हार्मोनिकच्या नववर्षाच्या मैफलीत शेवटाकडे ‘ब्लू डॅन्यूब’ वाजते, तिथे तो ऐकता येतो. आपल्या मुंबईत जन्मलेल्या झुबिन मेहता यांनी ही मैफल 1990 ते 2015 या काळात पाच वेळा संचालित केली आहे. त्यांनी तरुणपणी व्हिएन्नातच शिक्षण घेतले, आणि त्या झोक्याबाबतीत त्यांचे हात पाहण्यासारखे आहेत : ते दुसरी मात्रा मोजत नाहीत, तिला वादकांवर सोडून देतात.

पियानोवर या झोक्याचा सगळा भार डाव्या हातावर येतो. डावा हात खालच्या सप्तकात मंद्र स्वर घेतो, तिथून उडी मारून मधल्या सप्तकातली कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारे तीन-चार स्वर, दोनदा वाजवतो, आणि पुन्हा खाली जातो. दुसरी मात्रा लवकर आणायची म्हणजे ही उडी आणखी कमी वेळात मारायची. उजवा हात त्याच वेळी दर मात्रेला सहा किंवा आठ स्वर भरत असतो, आणि ते स्वर जर डाव्या हाताच्या झोक्यात ओढले गेले तर सगळे लंगडते. ते झोक्याकडे दुर्लक्ष करून वाजले तर ठेका शिवणयंत्रासारखा होतो. दोन्ही हात एकमेकांना थोडे मोकळे सोडतात आणि दर पहिल्या मात्रेवर भेटतात, हे साधले की अर्धी रचना साधली.

म्हणून रियाज असा करावा. पहिले तीन आठवडे नक्षीचा एकही स्वर वाजवू नये. मूळ वॉल्ट्झचे साधे पियानो रूप घ्यावे आणि फक्त चाल, उत्तर आणि ठेका पाठ करावा. त्यानंतर शुल्त्स-एव्हलरच्या पानांवर पेन्सिल घेऊन बसावे आणि प्रत्येक ओळीत मूळ चालीचा स्वर कुठे आहे त्यावर खूण करावी. तो कधी करंगळीकडे असतो, कधी दोन्ही हातांच्या अंगठ्यांमध्ये वाटलेला असतो, कधी डावा हात उजव्यावरून ओलांडून तो वाजवतो. मग फक्त खुणा केलेले स्वर, लिहिलेल्या बोटांनीच, संपूर्ण रचनाभर वाजवावेत. हे कंटाळवाणे आहे. पण हा सांगाडा हातात बसल्यावर नक्षी भरायला लागणारा वेळ निम्म्याने कमी होतो, असा माझा वर्षानुवर्षांचा अनुभव आहे.

माझ्या एका विद्यार्थिनीची गोष्ट सांगतो. तिचे हात लहान होते आणि बोटे विलक्षण चपळ. तिने दोन महिन्यांत सगळी पाने बसवून आणली आणि माझ्यासमोर एका दमात वाजवली. एकही स्वर चुकला नाही. मी तिला म्हटले, आता तू वाजव आणि मी चाल गातो. तिसऱ्या ओळीपाशी आम्ही वेगळे झालो. ती चिडली, कारण तिच्या मते मी चुकलो होतो. मग मी पियानोवर बसलो, ती गाऊ लागली, आणि त्याच जागी तिला कळले की लांबवलेल्या पंचमाच्या दोन मात्रांत भरलेली धार ती दीड मात्रेत उरकत होती. हात चपळ होते म्हणून ती वेळेआधी पोहोचत होती आणि चालीला श्वास घ्यायला जागा ठेवत नव्हती. त्यानंतर महिनाभर आम्ही दुसरे काही केले नाही : ती वाजवायची आणि स्वतःच मोठ्याने चाल गायची. वाजवता वाजवता गाता येत नसेल तर ती ओळ अजून आलेली नाही, हा नियम मी तेव्हापासून सगळ्यांना लावतो.

नक्षीच्या रियाजात ताकदीपेक्षा हलकेपणा शोधावा. बारीक स्वर पट्टीच्या तळापर्यंत दाबून वाजवण्याची सवय अनेकांना असते. मोठ्या पियानोच्या यंत्रणेत पट्टी पूर्ण वर न येताही तोच स्वर पुन्हा वाजू शकतो, आणि पट्टीच्या वरच्या भागात, तिला पूर्ण न सोडता, वाजवण्याची कला या रचनेत पदोपदी लागते. मनगट सैल, कोपर जड नाही, आणि बोट पट्टीपासून उचलायचे ते फार तर कागद सरकवण्याइतके. दुहेरी स्वरांच्या ओळी, विशेषतः तिसऱ्या अंतराच्या (सा-ग, रे-म अशा जोड्यांच्या), आधी वरचा स्वर एकटा आणि मग खालचा स्वर एकटा, पण जोडीत वापरायच्या बोटांनीच, अशा वाजवाव्यात. अग्रबाहूत दुखायला लागले तर त्या दिवशी थांबावे. ‘थोडे दुखले तरी चालते’ हे वाक्य पियानोच्या वर्गात मी चालू देत नाही. त्या वाक्याची किंमत काही जणांनी कायमची मोजलेली मी पाहिली आहे.

पेडलविषयी, म्हणजे पायाने दाबून स्वर लांबवण्याच्या कळीविषयी, एकच गोष्ट सांगतो. प्रत्येक मंद्र स्वरावर पेडल बदलायचे हे खरे, पण नक्षी वरच्या सप्तकात असताना पूर्ण पेडल दाबले तर ती धुके होते. अर्धे पेडल, किंवा तिसऱ्या मात्रेच्या आधी पाय हलकेच उचलणे, हे प्रत्येक पियानोवर नव्याने जुळवून घ्यावे लागते.

आणि पियानो, विशेषतः मुंबईचा. पावसाळ्यात लाकूड फुगते, पट्ट्यांच्या खालचे कापडी भाग ओल धरतात आणि पट्ट्या वर यायला आळस करतात. साधी रचना त्यातून निभावून जाते, ही निभावत नाही. एका जुलै महिन्यात उपनगरातल्या एका लहान सभागृहात मी हीच रचना वाजवायला घेतली होती आणि वरच्या सप्तकातला एक स्वर प्रत्येक वेळी खालीच अडकून बसत होता. वेल वाढत होती आणि तिला दर दहाव्या पानाला एक भोक पडत होते. आयोजकांना दोष देण्यात अर्थ नव्हता. पियानो मी दुपारी तपासायला हवा होता आणि मी चहा प्यायला गेलो होतो. तेव्हा मैफल पावसाळ्यात असेल तर आदल्या दिवशी वरची तीन सप्तके एकेक पट्टी दाबून, जलद पुनरावृत्ती करून, तपासावीत आणि ट्यूनरला केवळ सूर जुळवायला नव्हे, यंत्रणा पाहायला बोलवावे.

आठवी श्रेणी झाल्यावर थेट ही रचना घ्यावी का? माझ्या मते नाही, पण फार दूरही ढकलू नये. आधी शोपँची 42 व्या क्रमांकाची ए-फ्लॅट मेजरमधली वॉल्ट्झ घ्यावी, कारण तिच्यात उजवा हात दोनाच्या मापात आणि डावा तीनच्या मापात चालतो, आणि दोन हातांना एकमेकांपासून मोकळे करण्याचा त्याहून चांगला धडा मला माहीत नाही. सोबत मोश्कोव्हस्कीच्या 72 व्या क्रमांकाच्या अभ्यासांपैकी चार-पाच. मग लिस्टची सहावी ‘व्हिएन्नाची संध्याकाळ’, जिच्यात नक्षी थोडी आहे पण शूबर्टचा झोका पूर्ण आहे. आल्फ्रेड ग्र्युनफेल्डने ‘फ्लेडरमाउस’च्या वॉल्ट्झवर लिहिलेली 56 व्या क्रमांकाची रचनाही या पायरीवर बसते, आणि ती लहान असल्यामुळे मैफलीत लगेच उपयोगीही पडते. हे सगळे नीट झाले तर वर्ष-दीड वर्ष जाते. त्यानंतर शुल्त्स-एव्हलरला सहा ते आठ महिने द्यावेत आणि त्यांतले शेवटचे दोन केवळ लोकांसमोर वाजवण्यात घालवावेत : घरच्यांसमोर, शेजाऱ्यांसमोर, वर्गातल्या मुलांसमोर. एकट्याने बसवलेली नक्षी श्रोता समोर आला की धावायला लागते.

मैफलीत हिची जागा शेवटी, किंवा शेवटानंतरच्या फर्माइशीला. आधी बाख किंवा बेटोव्हेन ऐकून बसलेल्या श्रोत्याला ती मेजवानीनंतरच्या पानासारखी लागते. सुरुवातीलाच दिली तर पुढचे सगळे फिके. श्रोत्यांमध्ये मूळ चाल न ओळखणारा कोणी असेल असे गृहीत धरायचे कारण नाही, पण वाजवण्याआधी ती ‘सा, सा ग प, प—’ एका बोटाने दाखवून मग बसले तर मुलांना फार आवडते, आणि पुढच्या दहा मिनिटांत ती चाल कुठे कुठे लपली आहे हे शोधण्यात ती रमतात. आपल्या शिक्षकांनाही एकदा असेच शेजारी बसवावे. रचना वाजवून दाखवायच्या आधी, नुसता सांगाडा, खुणा केलेल्या स्वरांचा, संथ लयीत, उत्तरांसकट.